बिस्ट्रो ते धडगाव, व्हाया आमचूर

पुण्यात नवीन फ्रेंच बिस्ट्रो उघडलं की आम्हा फ्रीलान्सर मंडळींचे फोन खणखणायला लागतात. ‘‘आठशे शब्द, फोटो तेच देणारेत, शुक्रवारी सकाळी हवंय.’’ आपण जातो. पांढरे एप्रन, काळा फळा, त्यावर खडूने लिहिलेला ‘आजचा बेत’, मागे हळू आवाजात अकॉर्डियन. ओनियन सूप ठीक, ब्रेड झकास, आणि क्रेम ब्रुलेवरचा साखरेचा पापुद्रा चमच्याने टकटक करून फोडायची मजा तर काही औरच. गेल्या एप्रिलमध्ये अशाच एका ठिकाणी मी मासा मागवला. माशावर फिकट पिवळसर पूड भुरभुरलेली होती आणि मेन्यूकार्डावर तिचं नाव होतं ‘सातपुडा ग्रीन मँगो डस्ट’. वेटर नवा होता. पाठ केलेलं सगळं त्याने एका दमात म्हणून दाखवलं: वाइल्ड, सन-ड्राइड, आर्टिसनल.

‘‘म्हणजे आमचूर ना रे?’’ मी विचारलं.

त्याने मॅनेजर कुठे आहे ते बघून घेतलं आणि हसला. ‘‘हो ताई. आमचूरच.’’

शेफ माझ्याच वयाचा, सांगलीकडचा. त्याने आतून पाकीट आणून दाखवलं. नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याचं होतं. ‘‘पण माल धडगावचा असतो म्हणतात,’’ तो म्हणाला, ‘‘यासारखी आंबट चव दुसऱ्या कशाला नाही, लिंबाला तर नाहीच.’’ रिव्ह्यू छापून आला, साडेतीन स्टार दिले, विषय संपला. धडगाव हे नाव मात्र डोक्यात राहिलं. नकाशात शोधलं तर महाराष्ट्राच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, सातपुड्याच्या घड्यांमध्ये, नर्मदेच्या अलीकडे एक ठिपका. मे महिन्यात हातात काम नव्हतं (फ्रीलान्सर लोक याला ‘ब्रेक घेतलाय’ असं म्हणतात). सॅक भरली आणि रात्रीची शहाद्याची बस पकडली.

बसमध्ये झोप लागत नव्हती म्हणून मोबाइलवर बिस्ट्रो या प्रकाराबद्दल वाचत बसले. १८१४ साली पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैनिक ‘बिस्त्रो, बिस्त्रो’ म्हणजे ‘लवकर, लवकर’ असं ओरडत जेवण मागायचे, त्यावरून हा शब्द आला, ही स्टोरी तुम्ही कुठल्या तरी मेन्यूकार्डाच्या मागच्या पानावर वाचली असेल. भाषावाल्यांचा तिच्यावर विश्वास नाही, कारण हा शब्द फ्रेंचमध्ये लिहिलेला सापडतो तो १८८०च्या दशकात, सैनिक जाऊन सत्तर वर्षं झाल्यावर. दुसरी गोष्ट जास्त खरी आहे आणि जास्त इंटरेस्टिंगही. फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ, गरीब भाग आहे. तिथली माणसं एकोणिसाव्या शतकात पोटासाठी पॅरिसला आली. आधी त्यांनी घरोघर पाणी वाहिलं, मग कोळसा आणि लाकूड विकलं. नवरा कोळशाची पोती पोचवायचा, बायको दुकानाच्या पुढच्या भागात वाइनचे ग्लास भरायची आणि घरी शिजलं असेल ते वाढायची. या लोकांना पॅरिसवाले ‘बुन्या’ म्हणून चिडवायचे. पॅरिसमधली कितीतरी कॅफे आणि बिस्ट्रो या लोकांनी उभी केली. म्हणजे ज्याला आपण हाय-फाय समजून परफ्यूम मारून जातो, ते मुळात डोंगरातून शहरात आलेल्या मजुरांचं जेवण.

शहाद्याला सकाळी उतरले तेव्हाच ऊन तापलं होतं. बस स्टँडजवळ शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीचा नाश्ता झाला. हो, नाश्ता. खानदेशात सकाळी सकाळी काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा समोर आला तर घाबरायचं नाही, तेल बाजूला सारायचं नाही आणि घामही पुसायचा नाही. हिवाळ्यात याल तर नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथारी बघा. मैदानच्या मैदान लाल गालिचा टाकल्यासारखं दिसतं आणि गाडीची काच बंद असली तरी शिंका येतात. शहादा तालुक्यातलंच टेंभली हे गाव तुमच्या पाकिटातल्या एका कार्डामुळे इतिहासात गेलंय. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी तिथे दिलं गेलं.

म्हसावद मागे पडलं की सपाटी संपते. केळी आणि उसाची हिरवी शेतं जातात आणि घाट सुरू होतो. एसटी पहिल्या गियरवर कण्हत वर चढते, खिडकीतून दिसतात ते उघडे, तपकिरी डोंगर, मधूनच सागाची वाळकी झाडं आणि प्रत्येक उतारावर दूर दूर विखुरलेली घरं. इथे गाव म्हणजे एका जागी गोळा झालेली वस्ती नसते. प्रत्येक पाडा वेगळ्या टेकडीवर, प्रत्येक घर आपल्या शेतात. आणि घराशेजारी, शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठावर आंबा. गावठी, उंच, काळपट हिरवा आंबा. माझ्या शेजारी बसलेल्या आजींच्या मांडीवर कोंबडी होती आणि ती पूर्ण प्रवासात माझ्याकडे संशयाने बघत होती. कोंबडी म्हणतेय मी, आजी नाही. आजी झोपल्या होत्या.

धडगाव हे अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण. नगरपंचायतीचं पूर्ण नाव धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक, पाटीवर मावत नाही इतकं लांब. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना कापड, बियाणं, मोबाइल रिचार्ज, लोखंडी सामान, भांडी. बाजाराच्या दिवशी डोंगरातून सगळा तालुका खाली उतरतो. पावरा आणि भिल्ल समाजाची माणसं, चांदीचे जाड कडे घातलेल्या बायका, जीपच्या टपावर बसलेली पोरं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली ६९ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या आदिवासी आहे. धडगावच्या बाजारात उभं राहिलं की हा आकडाही कमीच वाटतो. होळीच्या आधी इथे भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा ढोल, बासऱ्या आणि गर्दी असा माहोल असतो की पुण्यातला कुठलाही म्युझिक फेस्टिव्हल झक मारेल. मी मेमध्ये गेले होते. ढोल नव्हते, पण मला हवं होतं ते होतं. रस्त्याच्या कडेला गोणपाटांवर आमचूर.

आधी जेवण. दुपारचा एक वाजला होता. पत्र्याच्या शेडमध्ये दोन बाकडी, मागे चूल, चुलीपुढे पन्नाशीच्या एक मावशी. बोर्ड नाही, मेन्यू नाही.

‘‘मावशी, काय आहे आज?’’

‘‘उडदाची डाळ आहे, भाकर आहे. कोंबडी संपली.’’

बस्स. हाच ‘आजचा बेत’. ज्वारीची भाकरी हातावर थापलेली, मधे जाड, कडेला पातळ. उडदाची डाळ सालासकट, घट्ट, लसणाची फोडणी आणि वरून एवढी हिरवी मिरची की पहिल्या घासाला मी पाणी मागितलं. सोबत कांदा बुक्कीने फोडलेला. आणि डाळीत काहीतरी आंबट, मागून येणारं. मी विचारायच्या आधीच मावशींनी आमचुराची एक वाळकी चकती दाखवली. डाळ शिजताना अशा दोन-तीन चकत्या टाकायच्या. पूड वगैरे भानगड इथे नाही, ती शहरातल्या गिरणीत होते. माझ्या शेजारी बसलेला एसटीचा कंडक्टर रोज इथेच जेवतो म्हणाला. मावशी त्याच्याशी उधारीवरून भांडत होत्या आणि भांडता भांडता त्याच्या ताटात तिसरी भाकरी टाकत होत्या. बिस्ट्रोची व्याख्या मला कोणी विचारली तर मी हा सीन सांगेन. माझं बिल झालं ऐंशी रुपये. त्यात पाणी, कांदा आणि ‘‘एकटीच आलीस? घरचे काही म्हणत नाहीत?’’ ही चौकशी फ्री.

मावशींनीच मला त्यांच्या भाचीकडे पाठवलं. आमचूर कसं करतात ते बघायचंय म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. पुण्याहून कोणी आंबा सोलताना बघायला येतं हे त्यांच्या मते त्या आठवड्यातलं सगळ्यात भारी करमणुकीचं प्रकरण होतं. जीपने अर्धा तास, मग पायी चढ. कुडाच्या भिंतींचं घर, समोर सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या पुढे एक मोठा, सपाट, काळा खडक. त्या खडकावर पांढऱ्या चकत्यांचा थर पसरलेला.

काम साधं दिसतं, पण करून बघा. वाऱ्याने पडलेल्या किंवा झाडावर चढून, बांबूने झोडून पाडलेल्या कैऱ्या गोळा करायच्या. कैरी कोवळी चालत नाही, पिकायला लागलेलीही चालत नाही. मग साल काढायची, सगळी, कारण हिरवा कण राहिला की वाळल्यावर तो काळा दिसतो. मग कोयीपर्यंत पातळ काप काढत जायचं. त्या ताई माझ्याशी बोलत होत्या, पोराला ओरडत होत्या, शेजारच्या काकूंना काहीतरी पावरीत सांगत होत्या आणि हात चालूच होते, न बघता. मला पाच कैऱ्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांची पाटी रिकामी झाली. कैरीच्या चिकाने बोटांची कातडी सोलवटते. त्यांनी बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. दिवसभर पाटीभर पाटी सोलायची, खडकावर पसरायची, कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायची. ओल्या कैरीची पाटी वाळल्यावर एवढीशी होते. ‘‘झाड मोठं दिसतं ना,’’ ताई म्हणाल्या, ‘‘पण आमचूर हलकं. तराजूत काही उतरत नाही.’’

सगळा खेळ रंगाचा. पांढरंशुभ्र आमचूर म्हणजे चांगला भाव. पिवळट झालं की कमी. काळं पडलं की व्यापारी गोणीत हात घालतो, मूठभर काढतो, टाकतो आणि मान हलवतो. भाव रोज बदलतो, आणि आज किती मिळेल हे बाजारात पोचल्याशिवाय कळत नाही. हा पैसा कधी येतो बघा. मे आणि जूनची सुरुवात. म्हणजे बी-बियाणं, खत, शाळा सुरू होण्याआधीचे कपडे-वह्या, आणि पावसाळ्यात रस्ते बंद व्हायच्या आत घरात भरायचं मीठ-तेल, या सगळ्याच्या नेमकं तोंडावर. डोंगराच्या उतारावरची शेती पावसाच्या भरवशावर असते. नोकरीवाल्यांचा बोनस दिवाळीला येतो, इथला बोनस झाडावर लागतो.

आणि मग तीनच्या सुमारास उन्हाचा रंग बदलला. मी फोटो काढत होते म्हणून मला आधी वाटलं कॅमेऱ्याचं सेटिंग हललं. ताईंनी मान वर केली. पश्चिमेच्या डोंगरामागून ढग येत होता, फार मोठा नाही, पण काळा. त्यांनी एक हाक मारली आणि पुढची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. घरातली म्हातारी, तीन पोरं, शेजारच्या दोन बायका, सगळे खडकाकडे धावले. चादर, साडी, खताचं रिकामं पोतं, जे हाताला लागेल त्यात चकत्या भरायला सुरुवात. झाडूने लोटायचं नाही, माती लागते. हातानेच. सहा-सात वर्षांचं एक पोरगं ओंजळीने भरत होतं आणि म्हातारी त्याला सारखी ओरडत होती. मी कॅमेरा सॅकमध्ये टाकला आणि माझी ओढणी पसरली. वारा आला, चकत्या उडायला लागल्या. मग टपोरे थेंब. खडकावर पडले की चर्र आवाज आणि वाफ. पाऊस जेमतेम पाच मिनिटं पडला. खडकाच्या खालच्या टोकाला राहिलेला चतकोर थर भिजला. दोन दिवसांपासून वाळत होता तो.

कोणी रडलं वगैरे नाही. ताई ओल्या चकत्या वेगळ्या करत बसल्या. ‘‘हे काळं होणार. घरी खाऊ,’’ म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी चहा ठेवला.

त्या रात्री मी तिथेच राहिले. जेवणात कैरीचं कालवण, भाकरी आणि ‘मोर’. हा मोर पिसाऱ्याचा नाही, एक बारीक भरडधान्य आहे, भगरीच्या जातकुळीतलं. मोर, राळा, बर्टी अशी नावं इथल्या प्रत्येक म्हातारीला पाठ आहेत. शहरात मिलेट बाऊल म्हणून पाचशे रुपयांना जे मिळतं ते हेच, फक्त अॅव्होकॅडो नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा आपल्याकडे ही फॅशन जोरात आली. धडगाव तालुक्यात मात्र बायफ या संस्थेने गावकऱ्यांबरोबर मका-ज्वारीच्या स्थानिक वाणांचं बियाणं जपायचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू केलंय. मक्याचं एकेक कणीस पांढरं, पिवळं, जांभळट. भात सोडून धान्यात एवढी व्हरायटी असते हे मला माहीतच नव्हतं, कारण मॉलमध्ये पिवळा स्वीट कॉर्न तेवढा दिसतो.

कालवणाला फोडणी होती डोळीच्या तेलाची. डोळी म्हणजे मोहाची बी. आधी जरा उग्र वाटतं, मग आवडायला लागतं, ब्लू चीजसारखंच हे. मोहाबद्दल बोलल्याशिवाय सातपुड्यातल्या जेवणाबद्दल बोलता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली टपटप फुलं पडतात, मांसल, गोड, मनुक्यासारखी. वाळवून ठेवली की वर्षभर टिकतात. भाजून खातात, पिठात घालतात, आणि दारू गाळतात ते तर तुम्हाला माहीत आहेच. (हातभट्टी बेकायदा आहे, त्यामुळे पत्ता विचारू नका.) पण एक फ्रेंच कनेक्शन सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधले द्राक्षमळे खाऊन टाकले. त्याच काळात हिंदुस्थानातून वाळलेली मोहफुलं जहाजात भरून फ्रान्सला जात आणि तिथे त्यांच्यापासून मद्य गाळलं जात असे. म्हणजे पॅरिसच्या कुठल्या तरी बुन्याच्या दुकानात कोणीतरी नकळत मोहाची घेऊन टाइट झाला असणं अगदी शक्य आहे. इकडे इंग्रजांनी मात्र १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. ज्यांच्या दारात झाड, त्यांनीच फुलं किती बाळगायची यावर सरकारची नजर. महाराष्ट्र सरकारने ही बंधनं सैल केली ती थेट २०२१ साली. आता गोव्याच्या डेसमंडजी या ब्रँडपासून आपल्या डहाणूच्या डिस्टिलरीपर्यंत अनेक जण मोहाची उंची बाटली काढतात, कॉकटेल बारमध्ये ती मिळते. भारी गोष्ट आहे. फुलं वेचणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळालं हे त्या बाटलीच्या लेबलवर लिहायची पद्धत अजून आलेली नाही, तेवढं सोडून.

चारोळीचंही तेच. तुमच्या श्रीखंडावर, बासुंदीवर जी चारोळी असते ती अशाच जंगलातून येते. एवढंसं फळ, त्यात कडक बी, ती फोडून आतला दाणा. पूर्वी डोंगरातली माणसं बाजारात चारोळी द्यायची आणि बदल्यात मीठ घेऊन जायची. मापाला माप. हे मला सांगणाऱ्या आजोबांनी स्वतःच्या लहानपणी बघितलं होतं.

या सगळ्यावर माझ्या एका मैत्रिणीचा मेसेज आला होता. ‘‘तू कुपोषणाच्या पट्ट्यात फूड ट्रिप करतेयस? सीरियसली?’’ प्रश्न बरोबर आहे. धडगाव-अक्कलकुवा ही नावं आपल्याला पेपरात भेटतात ती बालमृत्यू आणि कुपोषणाच्या बातमीतच. पावसाळ्यात झोळी करून बाळंतिणीला दवाखान्यात नेतानाचे व्हिडिओ आपण फॉरवर्ड करतो. ते खोटं नाही. मी ज्या घरी जेवले तिथे दूध नव्हतं, चहा काळा होता, आणि भाज्या पावसाळ्यातच, असं ताई म्हणाल्या. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातो, पोरंबाळं घेऊन, आणि होळीच्या सुमाराला परततो. ओव्हेर्न्यमधल्या डोंगरातली माणसं पॅरिसला गेली आणि दोन-तीन पिढ्यांत हॉटेलांची मालक झाली. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातात आणि कोयता घेऊनच परत येतात. फरक मेहनतीचा नक्कीच नाही, ती मी बघितली.

पण मैत्रिणीला मी एवढंच लिहिलं की ज्या जागेची फक्त भुकेची बातमी येते तिथल्या लोकांना चवच नसते असं आपण धरून चालतो, आणि ते मला पटत नाही. ताईंनी मोर शिजवताना पाणी किती घालायचं यावरून सासूशी दहा मिनिटं वाद घातला. माझ्या ताटातलं कालवण बघून म्हातारीने ‘मीठ कमी आहे’ असं सुनेला ऐकवलं. हे फूड क्रिटिसिझम आहे बॉस, आणि माझ्यापेक्षा फार कडक. मैत्रिणीने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बिलगावला गेले, उदय नदीच्या धबधब्याकडे. मेमध्ये धबधबा म्हणजे ओली रेघ. पण जागेला इतिहास आहे. २००३च्या जानेवारीत गावकऱ्यांनी आणि बाहेरून आलेल्या तरुण इंजिनीअरांनी श्रमदानाने इथे छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला आणि गावात बल्ब लागले. ‘स्वदेस’मध्ये शाहरुख वीज आणतो तो भाग आठवतो? त्यामागे याच कामाची प्रेरणा सांगितली जाते. खरा प्रकल्प मात्र २००६ साली सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्यात गेला. सिनेमात हे नाही. धरणाचे दरवाजे २०१७ साली बंद झाले आणि सप्टेंबर २०१९मध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरला. नर्मदाकाठची शेतं गेली, आता त्या पाण्यावर मासेमारी चालते, विस्थापितांच्या सहकारी संस्थाही आहेत. बाजारात मला त्या जलाशयातला मासा मिळाला. खानावळीच्या मावशींनी तो तव्यावर थोड्या तेलात भाजला, मिरची आणि आमचूर पाट्यावर ओबडधोबड वाटून वर लावलं. पुण्यातल्या त्या साडेतीन स्टारवाल्या प्लेटमधला आणि हा, दोन्ही मासे मी खाल्लेत. शेफ सांगलीकर मित्रा, तुझा सॉस खरंच चांगला आहे, पण मावशींनी मासा नीट शिजवला होता.

निघायच्या दिवशी ताई बाजारात आल्या होत्या, डोक्यावर गोणी. मी बरोबर उभी राहिले. व्यापाऱ्याच्या माणसाने हात घातला, मूठ काढली, बघितलं. चांगलं होतं, पांढरं. वजन झालं, पैसे मोजले गेले, भाव काय होता ते त्यांनी मला सांगितलं आणि छापू नकोस असंही सांगितलं, शेजारणीला वेगळा मिळाला होता म्हणे. त्या पैशातून त्यांनी त्याच रस्त्यावर मक्याचं बियाणं घेतलं, पोराला रबरी चपला घेतल्या, आणि दहा रुपयांची जिलबी. जिलबी आम्ही दोघींनी उभ्या उभ्या संपवली. मी त्यांच्याकडून दोन किलो चकत्या वेगळ्या घेतल्या, व्यापाऱ्याच्या भावाच्या दुपटीने. त्यांनी दुप्पट पैसे ठेवून घेतले आणि वर दोन मुठी जास्त टाकल्या.

जायचं असेल तर मुंबई किंवा पुण्याहून रात्रीच्या बसने शहादा किंवा नंदुरबार गाठा. नंदुरबार हे सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन आहे. तिथून एसटी किंवा जीप. शहादा-म्हसावदमार्गे या, किंवा तळोद्याहून चांदसैली घाटाने. पावसाळ्यात चांदसैलीत दरड कोसळते, तेव्हा आधी चौकशी करा. आमचूर बघायचं तर एप्रिल-मे, सीताफळं खायची तर दिवाळीच्या आसपास, भोंगऱ्या बाजार होळीआधी. मुक्काम तोरणमाळला केलात तर बरं, तेही याच तालुक्यात आहे, अकराशे मीटरच्या वर, यशवंत तलाव आहे, रात्री मेमध्येही पांघरूण लागतं. धडगावात खानावळीत जेवायचं तर बाराच्या आत पोचा, कोंबडी लवकर संपते. फोनवर पैसे देता येतात, पण रेंज मधेच जाते, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. पाड्यावर गेलात तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि खडकावर काही वाळत घातलेलं दिसलं तर त्यावरून चालू नका. ढग दिसला तर कॅमेरा आत टाका आणि ओढणी काढा. ओढणी नसेल तर शर्टही चालतो.